रोजची एकशे आठ पानं

॥ मारोतीराया, तूच साक्षीला ॥

इंझोरी
सोमवार, २१ जुलै २०२५, कामिका एकादशी

वैजयंतीस,

नावाआधी सौ. लिहू की नको, याचा विचार करत बसले होते. कोर्टानं अजून काही ठरवलं नाही, म्हणून लिहायला हरकत नव्हती. पण जी बाई नवऱ्याचं घर सोडून वाशीमला खोली करून राहते, तिच्यासाठी तेवढी तरी शाई कशाला घालवायची, म्हणून नाही लिहिलं.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे राखीच्या नावाचं पत्र मला मिळालं. आठ वर्षांच्या पोरीच्या नावानं पाकीट यायची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ. घरात आलेला कागद आधी मोठ्या माणसानं वाचायचा असतो आणि मी मॅट्रिक पास आहे, तेव्हा मी वाचला. राखीला दिला नाही. ती विचारतही नाही, कारण पत्र आलं हेच तिला माहीत नाही. हे तुझ्या वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव. आजीनं नातीचं पत्र वाचलं हा गुन्हा कोणत्या पुस्तकात आहे ते मलाही कळू दे.

तीन पानं, आणि सगळी अळ्यांबद्दल. रुईचंच पान खातात, दुसऱ्याला तोंड लावत नाहीत. रोज ताजं पान द्यायचं, ओलं द्यायचं नाही. कोष झाला की बरणी हलवायची नाही. शेवटच्या ओळीखाली तू रेघ मारली आहेस : ‘बाहेर यायला लागलं की हात लावायचा नाही, कितीही अडकल्यासारखं वाटलं तरी.’ मास्तरीण आहेस, ते दिसून येतं. एवढ्या तीन पानांत सासूची तब्येत कशी, ही एक ओळ मावली नाही.

मागच्या सोमवारी शाळेच्या फाटकाशी येऊन दोन मिनिटांत पोरीच्या हातात बरणी कोंबून गेलीस, ‘बाकीचं पत्रात लिहिते’ म्हणालीस. तोंडाला जाळीचं फडकं बांधलेली बरणी, आत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पाच अळ्या आणि चार पानं. पोरगी नाचत घरी आली आणि मलाच सांगते, तिला काय कळतं : “आजी, यातलं फुलपाखरू उडालं का आई मले न्यायले येणार हाय!”

चार सप्टेंबरच्या तारखेला न्यायाधीश बाई पोरीला विचारणार, कोणाकडे राहायचं. म्हणून ही तयारी. आम्हाला काय, कळत नाही वाटतं?

ऐक आता. मी जीव मारत नाही. चातुर्मासात तर मुंगीवरूनही पाय उचलून जाते. पण रुई तोडायचा माझा वार एकच, शनिवार, मारोतीच्या माळेसाठी. अधल्यामधल्या वारी मी रुईला हात लावत नाही, आणि चीक डोळ्यात जाईल म्हणून पोरीलाही लावू देत नाही. तुझी चार पानं मंगळवारीच संपली. राखीनं कोबी टाकून पाहिला, मेथी टाकली, भाताची शितंसुद्धा टाकली. शुक्रवारी सकाळी पाचही तळाशी वाकड्या होऊन पडल्या होत्या.

ती जेवली नाही. मी म्हटलं, “रोज पानं लागतात हे तुया आईले माहीत होतं नं? मंग चारच कायले देली?”

ती बरणी उचलून बाहेर घेऊन गेली.

शाळेत मी सांगून ठेवलं आहे. फाटकावर पुन्हा दिसलीस तर मला फोन येतो.

कस्तुराबाई


इंझोरी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

वैजयंतीस,

राखीच्या नावाचं तुझं दुसरं पत्र आलं. तेही वाचलं. ‘फोन का देत नाही’ असं तिला विचारतेस. तिला कशाला विचारतेस, मी सांगते. फोनवर तू रडतेस आणि मग ती दोन दिवस शाळेत लक्ष देत नाही.

मी नवस बोलले आहे. श्रावण लागल्यापासून चार सप्टेंबरपर्यंत मारोतीला रोज एकशे आठ रुईच्या पानांची माळ. पोर घरातच राहू दे, एवढंच मागणं. वार पाळायचा नेम या नवसापुरता सुटला, देवाच्या कामाला सगळे वार सारखे. पहाटे उठून पाणंदीपर्यंत जाते, पानं खुडते, ओट्यावर बसून एकेक पान ओल्या फडक्यानं पुसते, गंधानं राम लिहिते, ओवते. कंबर मोडते, पण चुकवलं नाही.

आता तू म्हणशील हे मला कायले सांगतेस? सांगते. राखीनं शेजारच्या लतीफाच्या मोबाइलवर पाहून घेतलं की रुईच्या पानाखाली फुलपाखराची अंडी असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. रोज शाळेतून आली की रुई धुंडाळते. परवा सुट्टी होती, तर माझ्यासमोर येऊन बसली. मी पान पुसायला घेतलं तशी ओरडली :

“आजी, थांब! त्याच्याखाली अंडं हाय!”

“असू दे. उष्ट्या पानावर रामाचं नाव लिहितात का?”

“मंग ते पान मले दे नं. तू दुसरं घे.”

“मोजून आणले बाई मी. एकशे आठ.”

आणि पुसलं. ती माझ्या फडक्याकडे पाहत राहिली. मग प्रत्येक पानाला विचारत राहिली, “याच्याखाली हाय का? याच्याखाली?” मी प्रत्येक पान उलटून तिला दाखवलं आणि मग पुसलं. खोटं वागले नाही.

पंधरा दिवसांत पाणंदीची सगळी रुई बोडकी झाली. लतीफा शिलाई मशीनवरून उठून फाटकाशी आली आणि म्हणते, “काकू, तुमचा मारोती एवढी पानं कायले मागते वो? त्यानं का बकऱ्या पाळल्या?”

मी म्हटलं, “तुये उसवलेले ब्लाऊज पाह्य आधी. देवाच्या मधात नोको येऊ.”

“देवाच्या मधात नाही येत. पोरीच्या मधात येऊन राह्यली.” असं म्हणून गेली. तिची जीभ कधीची लांब आहे. माझ्या भागवतनं तुझ्यावर हात उचलला त्या दिवशीही हीच भिंतीपलीकडून ओरडत होती. होय, दार मी लावलं होतं. लोक ऐकतात. आणि तू अंगावरच्या कपड्यानिशी निघालीस तेव्हा पोरीला आत ओढून घेतलं तेही मीच. ती आमची आहे. भागवत पुण्याला कंपनीत असतो, महिन्यातून एक फोन करतो. आता या घरात माझ्याशी बोलणारं ती एकच माणूस आहे.

कस्तुराबाई


इंझोरी
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५, हरतालिका

वैजयंतीस,

माझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते आज कळलं, म्हणून उपाशीपोटी लिहायला बसले.

राखी रोज अभ्यासाच्या नावानं लतीफाकडे जायची. आज तिला बोलवायला गेले तर दोघी मशीनजवळ डोकं लावून बसलेल्या. तुझी ती बरणी तिथं. मला वाटलं होतं पोरीनं फेकून दिली. लतीफा बकऱ्या घेऊन जाते त्या रानातली अंडी लागलेली रुई आणायची आणि निघालेल्या अळ्यांना ही पानं खाऊ घालायची. एक अळी जगली. काल फडक्याच्या जाळीला उलटी लटकली आणि आज तिचा कोष झालेला. हिरवा, कानातल्या कुड्याएवढा, वर सोन्याचे ठिपके. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मीही पाहत उभी राहिले. सोनाराच्या हातूनही असे ठिपके पडायचे नाहीत.

राखी दोन्ही हात बरणीवर ठेवून म्हणाली, “आजी, याले आता पान नाही लागत. आता काहीच नाही लागत.” ती मला का सांगत होती ते मला समजलं.

मी म्हटलं, “आपल्या घरची बरणी लोकांकडं कायले? घरी आण.”

लतीफा म्हणाली, “राहू द्या नं काकू. आठवड्याचा सवाल हाय. मी हात जोडते.”

“तू हात जोडू नोको, सुईत दोरा जोड.”

घरी आणली. देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे. राखीनं मला मारोतीची शपथ घातली की हात लावणार नाही म्हणून. घेतली शपथ.

तिनं मोजून पाहिलं आहे. एक किंवा दोन तारखेला निघेल म्हणते. मग चारला तारीख. बोटं मोजत हसते. गणपती उद्या बसतो, पण ती आरास करायला आली नाही. बरणीसमोर बसून असते. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला पाय हलवत, गाणं गुणगुणत जेवताना पाहिलं. माझ्या हातचं जेवून, माझ्या घरात बसून, तुझ्याकडे जायचं म्हणून.

कस्तुराबाई


इंझोरी
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

वैजयंतीस,

हे पत्र तुला तारखेनंतर मिळेल. तसं मोजूनच पेटीत टाकते आहे.

तुझं फुलपाखरू काल निघालं. उडालं नाही.

रविवारी कोष काळा पडला. राखीला वाटलं सडलं. जवळ जाऊन पाहिलं तर आत नारिंगी पंख दिसत होते, पातळ कागदातून दिसावे तसे. काल शाळेला जायच्या वेळेला कोषाला चीर पडली आणि डोकं बाहेर आलं. राखी ओरडत आली. मग ते थांबलं. हलायचं, पुन्हा थांबायचं. तिला धीर निघाला नाही, तिनं हात लावला. कोषाचं टरफल सोलून काढलं. फुलपाखरू खाली पडलं. पंख चुरगाळलेलेच राहिले, ओल्या फडक्यासारखे. उन्हात ठेवलं, साखरेचं पाणी दिलं, काही उपयोग झाला नाही. दिवसभर कोनाड्यात गोल गोल चालत होतं. संध्याकाळी मुंग्या लागल्या.

तुझ्या पोरीच्या हातून झालं. तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवलं.

कस्तुराबाई


इंझोरी
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

वैजयंतीस,

काल तू पाहिलंसच. न्यायाधीश बाईंनी पोरीला एकटीला आत घेतलं, दार बंद होतं, मी बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसले होते. मी काही पढवून पाठवलं नव्हतं. तिच्या तोंडानं तिनं सांगितलं, आईकडे जायचं नाही. दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं.

तू तिच्यासाठी नवा फ्रॉक आणला होतास तो पिशवीतच राहिला. दुकानदार बदलून देतो का पाहा, उगाच पैसे वाया. आणि कोर्टाच्या आवारात मोठ्यानं रडलीस ते बरं दिसलं नाही. भागवतच्या वकिलालाही ते आवडलं नाही.

काल पहाटे शेवटची माळ घातली होती. नवस फिटला.

कस्तुराबाई


इंझोरी
रविवार, २८ सप्टेंबर २०२५, नवरात्र

सौ. वैजयंतीस,

या वेळेला पाकिटावर तू माझं नाव लिहिलंस. आत एकच ओळ : ‘आत्याबाई, मी असं काय केलं की माझी लेक मला नको म्हणाली, तेवढं सांगा.’ चार दिवस ते पत्र पोथीत ठेवून वाचलं. मी उत्तर दिलं नाही तर तू मला पुन्हा लिहिणार नाहीस, हे मला समजतं. दुसऱ्या कोणाजवळ मला हे सांगता यायचं नाही. लतीफा बोलत नाही. पुजाऱ्याला सांगितलं तर गावभर होईल.

तू काही केलं नाहीस.

त्या सोमवारी फुलपाखराचं डोकं बाहेर आलं आणि ते थांबलं, तेव्हा राखीनं हात मागे बांधले होते. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी बांधले होते. मला म्हणाली, “आजी, हे कहून थांबलं? काय करू?” तुझी ती रेघ मारलेली ओळ मला पाठ होती. पाठ होती, वैजयंती. मी म्हटलं, “अडली बाई असली का सुईण काय करते? हात लावते. तू नाही सोडवलं तर आतच मरन ते.” ती म्हणाली, “मले भेव लागते.” मी तिला माझी गोधडी शिवायची सुई दिली. शपथ घेतली होती की मी हात लावणार नाही, म्हणून माझा हात मी लावला नाही.

तिनं फार जपून केलं. जीभ दातात धरून. ‘लागलं का रे बाळा’ असं त्याला विचारत विचारत केलं.

ते पडलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, असा हात लावत नसतात. तुया आईनं सांगतलं नाही?” 

कोर्टातून परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. जऊळक्याच्या पुढे गाडी निघाली तेव्हा आपणहून बोलली : “आईनं देलेले पाच मी मारले. हे सहावं. आई मले नेईन तर तिच्या घरचं बी मरन.” आत न्यायाधीश बाईंना हे तिनं सांगितलं नाही. त्यांना फक्त नको म्हणून सांगितलं, कारण बाकीचं सांगितलं तर पोलीस येतील असं तिला वाटलं. मी तेव्हा बोलू शकले असते. आम्ही दोघीच होतो त्या बाकावर. मी तिला फुटाण्याची पुडी घेऊन दिली.

तिनं फुटाणे मलाच तिच्या तोंडात घालायला सांगितले. स्वतःच्या हातानं घेईना.

तेव्हापासून हे चालू आहे. जेवताना चमचा घेते. गोठ्यात वासरू झालं, सगळी पोरं त्याच्या गळ्यात पडतात, ही दाराशी हात काखेत घालून उभी. घट बसले तेव्हा दर वर्षीसारखं पाणी घालायला तिला सांगितलं, आपल्याकडे पोरीच्या हातचं पाणी घटाला लागतं. तर म्हणाली, “नोको आजी, माया हातचं नाही उगवणार.” शेवटी मीच घालते आहे. शाळेत फुगडीला कोणाचा हात धरत नाही, बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी कोणी मारतं का. मी नाही म्हटलं. घरी कोणीच मारत नाही.

मागच्या आठवड्यात मला थंडीताप भरला. तीन दिवस उठता येत नव्हतं. पाय इतके वळत होते की मी रडत होते. भागवतला फोन लावला, तो म्हणाला सुट्टी नाही. मी राखीला हाक मारली, “बाई, जराक पाय चेपून दे.” ती उंबऱ्याशी आली आणि तिथंच थांबली. हात पाठीमागे. मी पुन्हा म्हटलं, “ये नं. आजी हाय मी तुयी.”

ती म्हणाली, “मी हात लावला तर तू मरशीन.”

मी म्हटलं, “नाही मरत.”

“तू सांगतलं होतं, सोडवलं नाही तर मरन. मी सोडवलं तरी मेलं. तुले काही माहीत नाही राह्यत, आजी.”

मग लतीफाला हाक मारून गेली. लतीफा आली, पाय चेपले आणि गेली.

तुझी पत्रं माझ्याजवळच आहेत. पहिल्यातली ती एक ओळ वाचून दाखवली तर हे सगळं जाईल, हे मला कळतं. तेवढंच करायचं आहे. पोरीला जवळ बसवायचं आणि म्हणायचं, तुझ्या आईनं सगळं लिहून पाठवलं होतं, मी लपवलं, सुई मी दिली, तुझ्या हाताला दोष नाही. रोज आरती झाली की ती समोर उभी असते, प्रसादाला हात पुढे करत नाही, मी तोंडात घालते. रोज वाटतं आज सांगावं.

पण ते ऐकल्यावर ती इथं एक दिवस राहील का? पायात चप्पल न घालता वाशीमचा रस्ता धरेल. आणि जाताना माझ्याकडे कशी पाहील, ते मला आत्ताच दिसतं.

तेव्हा मी नाही सांगणार. न्यायाधीश बाईंसमोर तू हे पत्र ठेवलंस तर मी म्हणेन, सुनेनं माझ्या अक्षरात लिहून आणलं. मारोतीच्या पायावर हात ठेवून म्हणेन. आत्ता ती ओसरीत बसली आहे, गृहपाठ झाला आहे, हात मांडीखाली दाबून पावसाकडे पाहते आहे. तिला हाक मारली की ती येते. तीन हात लांब थांबते, पण येते. मला तेवढं पुरतं.

कस्तुराबाई